कोंबडीचा खून कोणी केला?

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. स्टेटस मीटिंगला पंधरा मिनिटं बाकी आणि आईचा फोन. आमची आई ऑफिसच्या वेळात फोन करत नाही. केलाच तर दोनच कारणं असतात. कोणीतरी गेलेलं असतं, नाहीतर कोणाचं तरी जमलेलं असतं. मी कॉफीचा कप तसाच टाकून पॅंट्रीच्या कोपऱ्यात पळाले.

"अगं, गेली," आई म्हणाली.

"कोण गेली?"

"जाडी."

जाडी म्हणजे कोणी लांबची आत्या नव्हे. जाडी म्हणजे आमची कोंबडी. खुराड्यातली सर्वात वजनदार, सर्वात भांडखोर आणि बाबांची सर्वात लाडकी. सकाळी बाबा दार उघडायला गेले तर जाडी आत जाळीला टेकून पडलेली. अंग जवळजवळ धडधाकट आणि डोकं गायब!

आता थोडा फ्लॅशबॅक. माझे बाबा बँकेतून रिटायर झाले आणि लॉकडाऊननंतर आई-बाबांनी पुण्यातला फ्लॅट माझ्या ताब्यात देऊन पौडच्या पुढे, आमच्या छोट्याशा प्लॉटवरच्या घरात मुक्काम हलवला. पहिल्या वर्षी भाजीपाला झाला. दुसऱ्या वर्षी कोंबड्या. एकूण अकरा नग. आठ गावरान, दोन गिरिराज आणि एक कोंबडा, जो पहाटे चारला आरवतो आणि वीकएंडला माझ्या झोपेची वाट लावतो. खुराडं बाबांनी स्वतः बांधलं. अँगलचा सांगाडा, वर पत्रा, चारही बाजूंनी षटकोनी जाळी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही.

आणि शेजारी मावशी. गावातल्याच. दोन म्हशी, बारा कोंबड्या आणि मोत्या नावाचा एक पांढरा-तपकिरी कुत्रा. दूध त्यांच्याकडूनच येतं. आईला गावात पहिली मैत्रीण मिळाली ती याच मावशींच्या रूपाने. पापड, लोणची, डोहाळजेवण, दवाखाना, सगळं एकत्र.

तर जाडी सोमवारी गेली. बाबांनी चोरापासून बिबट्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला आणि जाळीला बाहेरून दोन विटा लावल्या. त्याच आठवड्याच्या शनिवारी पहाटे तांबडी गेली. या वेळी मात्र आरोपी रंगेहाथ सापडला! बाबा सहाला बाहेर आले, तर कुंपणापलीकडे मोत्या. तोंडात तांबडी.

खलास. केस क्लोज्ड.

मी दुपारी पोचले तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. बाबा मावशींच्या दारात जाऊन नको ते बोलून आले होते. मावशी एवढंच म्हणाल्या होत्या, "साहेब, माझा मोत्या कोंबडीच्या अंगावर जात न्हाई. आमच्या बारा कोंबड्या त्याच्या पायात फिरत्यात." संध्याकाळचं दूध आलं नाही. आणि सर्वात वाईट म्हणजे, येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी सल्ला दिला होता, "पावाच्या तुकड्यात औषध घालून ठेवा, पुन्हा त्रास नाही." बाबा त्यावर काही बोलले नाहीत. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. हे मला आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मुंगी दिसली तरी कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माझा बाप!

मग ठरवलं. ही केस रिओपन करायची.

लॉगमधलं शेवटचं नाव

मी टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काढली आहेत. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना हा सीन पाठ असेल. सिस्टीम बसली की सगळे आधी बघतात, शेवटचा हात कोणी लावला होता? त्याच्या नावाने शिमगा होतो आणि खरा बग तीन महिन्यांपूर्वी भलत्याच कोणीतरी घालून ठेवलेला असतो. मोत्याचं नाव लॉगमध्ये शेवटचं होतं, एवढंच आपल्याला माहीत होतं. मोत्याच्या तोंडात कोंबडी होती. ती मोत्याने मारली का, हा वेगळा प्रश्न.

तांबडी अजून पोत्यात होती, पुरायची राहिली होती. मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी हसले, मग सीरियसली म्हणाले, "हातमोजे घाला, पिसं उपटा आणि जखमेजवळची कातडी उचलून खाली बघा." लॉजिक सिंपल आहे. जिवंत असताना दात लागले तर रक्ताभिसरण चालू असतं. मग कातडीखाली रक्त साकळतं, काळं-निळं दिसतं. मेल्यानंतर कोणी लचका तोडला तर ती जखम कोरडी असते. म्हणजे मारणारा कोण आणि नंतर खाणारा कोण हे चक्क वेगळं काढता येतं!

आई 'शी' म्हणून आत गेली. बाबा थांबले. मानेच्या मागे, डोक्याच्या जरा खाली, बारीक आणि जवळजवळ अशी भोकं होती. कातडी उचलली तर खाली जांभळंकाळं रक्त. पाठीवर मात्र मोठे, लांब अंतरावरचे दात होते. ते मोत्याचे. त्याखाली रक्ताचा डाग नाही. एकदम कोरडं.

म्हणजे मोत्याला तांबडी मेलेली मिळाली होती. सकाळी सकाळी फुकटचा नाश्ता मिळाला तर कोण सोडेल, बॉस?

बाबा काही बोलले नाहीत. पण ते आत जाऊन चष्मा घेऊन आले आणि पुन्हा बघायला बसले. तिथेच मला कळलं, केसमध्ये दम आहे.

संशयितांची परेड

मोत्या नाही, तर मग कोण? आपल्याकडे कोंबडी आवडत नाही असा प्राणी शोधणं अवघड आहे. पण प्रत्येकाची काम करायची स्टाइल वेगळी असते. आणि पहिला प्रश्न नेहमी एकच. दिवसा झालं की रात्री?

दिवसाची शिफ्ट आधी घेऊ. घार, शिकरा आणि कावळे पिल्लांचे शत्रू. आठ-दहा पिल्लांतलं एक मागमूस न ठेवता उडालं, रक्त नाही, आरडाओरडा मात्र जोरदार, तर वर बघायचं. कावळा अंडीही फोडतो, चोचीचं भोक पाडून. शिकारी पक्ष्याने जागेवरच खाल्लं असेल तर उपटलेल्या पिसांचा ढीग एका जागी पडलेला सापडतो.

मुंगूस. दिसलं तर शुभ म्हणतात, पण खुराड्याच्या आत दिसलं तर अजिबात नाही. मुठीएवढ्या फटीतून आत शिरतं, मान आणि डोकं धरतं आणि कधी कधी एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मारून ठेवतं. अंडी कठीण जागेवर आपटून फोडतं. पण मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी. रात्री तो बिळात झोपतो. आमच्या दोन्ही घटना रात्रीच्या. बाबांचा दोन नंबरचा संशयित इथेच सुटला. घोरपडीचंही तेच. ती उन्हात फिरते, अंडी-पिल्लं पळवते, रात्री नाही.

आता नाइट शिफ्ट. इथे गर्दी जास्त.

कुत्रा. बाबांचा लाडका थिअरीपट. पण कुत्र्याचं काम कधीच नीटनेटकं नसतं. तो जाळी ओरबाडतो, दार वाकवतो, सापडेल तिला धरून झटकतो आणि बऱ्याचदा न खाताच पुढचीकडे वळतो. कुत्र्यांची टोळी घुसली असती तर सकाळी अंगणभर पिसं आणि सात-आठ कोंबड्या मेलेल्या दिसल्या असत्या. एका रात्री एकच कोंबडी, तीही मानेला धरून, हे कुत्र्याच्या स्वभावात बसत नाही.

कोल्हा बहुतेक वेळा अख्खी कोंबडी उचलून घेऊन जातो. मागे उरतात थोडी पिसं, कुंपणाकडे जाणारी. (इथे एक जनरल नॉलेज. मराठीतला कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. गोष्टीच्या इंग्लिश पुस्तकातला फॉक्स म्हणजे आपलं खोकड. ते अंगाने लहान आणि मोकळ्या माळरानावरचं.)

घूस आणि उंदीर मोठ्या कोंबडीला सहसा मारत नाहीत, पण पिल्लं बिळात ओढून नेतात आणि अंडी पळवतात. खुराड्याच्या कडेला ताज्या मातीचा ढिगारा दिसला की समजायचं.

साप. अंडी गायब आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप असू शकतो. धामण असेल, नागही असेल. तो अंडं अख्खं गिळतो. कधी पिल्लू मेलेलं सापडतं आणि त्याचं डोकं-मान ओली, चिकट दिसते. म्हणजे सापाने गिळायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही म्हणून सोडून दिलं. अशा वेळी हिरोगिरी करायची नाही. खुराड्यात हात घालायचा नाही, सर्पमित्राला बोलवायचं.

उदमांजर. घराच्या माळ्यावर, कौलांखाली राहणारं, झाडावर सरसर चढणारं. मुख्य खाणं फळं, पण कोंबडीचा मोका सोडत नाही. त्याची खूण म्हणजे छपरावर किंवा भिंतीवर पडलेली, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा. मी शिडी लावून पत्रा तपासला. तिथे बिया नाहीत, फक्त बाबांचा हरवलेला पाना सापडला.

आणि बिबट्या! गावात कोंबडी गेली की बिबट्याचं नाव निघतंच. तो येतो, कोंबडी खातोही, नाही असं नाही. पण अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात बिबट्यांच्या जेवणात पहिला नंबर लागला होता पाळीव कुत्र्यांचा. म्हणजे आमच्याकडे बिबट्या आला असता तर मोत्या आरोपी नसता, मयत असता.

राहता राहिलं रानमांजर.

आईची चाळण, चौदा हात रांगोळी

संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्यासाठी ठसे हवेत. आणि ठसे घ्यायला कोणतंही भारी किट लागत नाही. आपल्या घरातली पांढरी रांगोळी बेस्ट. चुना वापरायचा नाही, त्याने पाय आणि डोळे भाजतात. रंगीत रांगोळीही नको. रांगोळी नसेल तर चाळलेली राख चालते.

आईने पिठाची जुनी चाळण दिली. "परत स्वयंपाकघरात आणू नकोस," एवढीच अट. संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पातळ, सपाट थर चाळला. कोंबड्या उचलून मागच्या पडवीत डालग्यांखाली ठेवल्या, वर पाटा-वरवंटा. खुराडं मात्र रोजच्यासारखंच ठेवलं. दार लावलेलं, आत खाण्याचं भांडं. एकदा जिथे जेवण मिळालं तिथे पाहुणा परत येतो, हा साधा हिशेब.

पण तुलना करायला आरोपीचे ठसेही हवेत ना? मी मावशींच्या दारात गेले. त्या गोठ्यात होत्या, वर बघितलं नाही. मी म्हटलं, "मावशी, मोत्याला पाच मिनिटं न्यायचंय. त्याला काही करणार नाही. त्याला सोडवायचंय." त्या काही न बोलता उठल्या आणि मोत्याला घेऊन स्वतःच आल्या. अंगणात रांगोळीच्या पट्ट्यावरून त्याला चालवला. मोत्याला वाटलं खेळ आहे. त्याने दोनदा फेऱ्या मारल्या. मावशी पदर खोचून कडेला उभ्या. बाबा टॉर्च धरून. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"घ्या बोटांचं ठसं," मावशी म्हणाल्या आणि मोत्याला घेऊन निघून गेल्या.

मोत्याचा ठसा लांबट होता आणि चारही बोटांच्या पुढे नखांचे टिपके स्पष्ट. हे लक्षात ठेवा, फार कामाचं आहे. कुत्रा आणि कोल्हा यांची नखं आत जात नाहीत, म्हणून ठशात उमटतात. मांजरकुळातले प्राणी, आपल्या मनीपासून बिबट्यापर्यंत, चालताना नखं आत ओढून घेतात. ठसा गोल आणि नखांशिवाय. मुंगूस आणि उदमांजर यांच्या पायांना पाच-पाच बोटं.

रविवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा कोंबड्याच्या आधी उठले. बाबा माझ्याही आधी. खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे जाळी अँगलला बांधली होती, तिथे रांगोळीत चार गोल ठसे. चार बोटं. नखं नाहीत. रुंदी पाच सेंटीमीटरच्या आसपास. मावशींच्या मांजरीचा ठसाही आम्ही नंतर घेतला (तिने सहकार्य केलं नाही, माझ्या हातावर ओरखडा आहे), तो याच्यापेक्षा बराच लहान निघाला.

आणि जाळी? त्या कोपऱ्यात बांधलेली तार गंजून तुटली होती. जाळी हाताने उचलली तर विनासायास वीतभर वर. बाबांनी विटा लावल्या होत्या त्या बरोबर विरुद्ध बाजूला.

पण रांगोळीत आणखी कोणीतरी होतं

इथे खरी गंमत. मांजराचे ठसे चार. पण बाकीची सगळी रांगोळी बारीक पावलांनी भरून गेली होती. शेकडो. मध्ये शेपटीची रेघ ओढलेली. उंदीर! खाण्याच्या भांड्यापासून लाकडाच्या ढिगापर्यंत अक्षरशः हायवे तयार झाला होता.

बाबांची पद्धत अशी की संध्याकाळी तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा भांड्यात भरून ठेवायचा, "सकाळी उठल्या उठल्या बिचाऱ्यांना खाता यावं." ते बिचाऱ्यांसाठी उंदरांनी रात्रभर खाल्लं. उंदीर वाढले, म्हणून त्यांच्या मागे रानमांजर आलं. रानमांजराचं रोजचं जेवण उंदीर-घुशीच. म्हणजे शेतकऱ्याचं ते फुकट काम करतं. पण उंदरांच्या मागे खुराड्यापर्यंत आलं आणि बघतं तर काय, बाबांनी कोंबड्यांना बसायला लावलेला बांबू जाळीला अगदी चिकटून! कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती बसल्या जागेवरून हलत नाही. जाडी जाळीला टेकून झोपली होती. बाहेरून पंजा घालून मान ओढायला कितीसा वेळ लागणार? म्हणून डोकं गायब आणि धड आत. खुराड्याच्या आत, जाळीला लागून, डोकं नसलेली कोंबडी सापडली की समजायचं की मारेकरी आत आलाच नाही. तांबडीच्या वेळी त्याला सैल कोपरा सापडला. ओढून बाहेर काढली, थोडं खाल्लं, उजाडताना झुडपात टाकून गेलं. आणि मग मोत्या.

पुढच्या शुक्रवारी मी ऑफिसमधल्या मैत्रिणीचा कॅमेरा आणला. तिने बाळावर लक्ष ठेवायला घेतलेला, अंधारात दिसणारा वायफाय कॅमेरा. रात्री दोन चाळीसला तो आला. लांब पाय, अंगावर पट्टे-ठिपके जवळजवळ नाहीत, कानांच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड आणि टोकाला काळी. साध्या मांजरापेक्षा चांगलाच उंच. खुराड्याभोवती एक फेरी मारली, लाकडाच्या ढिगाजवळ दबा धरून बसला, झडप घातली, तोंडात उंदीर घेऊन गेला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. बाबांनी तो आतापर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे.

मग मारायचं का?

नाही. पहिली गोष्ट, रानमांजर, मुंगूस, उदमांजर, घोरपड, कोल्हा, या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मारणं, सापळा लावणं, दोन्ही गुन्हे. कुत्र्याला विष घालणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच. दुसरी गोष्ट, विष पत्ता वाचत नाही. त्या पावाचा तुकडा मोत्याने खाल्ला असता, मांजरीने खाल्ला असता, कावळ्याने पळवून मावशींच्या अंगणात टाकला असता. आणि तिसरी, एक रानमांजर मेलं की उंदरांची दिवाळी, आणि सहा महिन्यांत दुसरं रानमांजर. बग तसाच. खरोखरच वन्यप्राण्याचा त्रास असेल तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे.

आम्ही काय केलं? षटकोनी जाळी ही कोंबड्या आत ठेवायला असते, शिकारी बाहेर ठेवायला नाही, हे आधी बाबांच्या गळी उतरवलं. अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणली. खालचे दोन फूट बाहेरून पत्रा. जाळी जमिनीपाशी बाहेरच्या बाजूला दीड फूट वळवून मातीखाली गाडली, म्हणजे उकरणाऱ्याला आधी जाळीच लागते. बसायचा बांबू मधोमध घेतला. दाराला दोन कड्या. संध्याकाळी दार लावताना डोकी मोजायची आणि खाण्याचं भांडं घरात आणायचं. हे शेवटचं काम फुकट आहे आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचं.

कटआउट करून फ्रिजवर लावा

- अख्खी कोंबडी गायब, थोडी पिसं: कोल्हा, रानमांजर, क्वचित बिबट्या. दाराची कडी उघडलेली असेल तर दोन पायांचा चोरही.
- धड आत, डोकं गायब: जाळीतून बाहेरून ओढलं. जाळीची भोकं आणि बसायची जागा तपासा.
- एका रात्रीत खूप मेलेल्या, खाल्लेल्या नाहीत, जाळी फाटलेली: कुत्री.
- दिवसा मान-डोक्याला चावे, अंडी आपटून फोडलेली: मुंगूस.
- दिवसा पिल्लू हवेत विरघळलं: घार, शिकरा, कावळा.
- रात्री पिल्लं गायब, कडेला बिळं: घूस, उंदीर.
- अंडी गायब, टरफलही नाही: साप. मेलेल्या पिल्लाचं डोकं ओलं असेल तरीही साप.
- फुटकी अंडी खुराड्यातच, कोंबडीच्या चोचीला बलक: कोंबडीच खाते आहे. खाण्यात शिंपल्यांचा चुरा वाढवा, अंडी लवकर उचला.
- अंगावर जखम नाही आणि एकामागून एक मरताहेत: हा शिकारी नव्हे, हा आजार. मानमोडी असू शकते, बर्ड फ्लू असू शकतो. २००६ साली नवापूरला काय झालं ते आठवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आणि सगळ्यात वर लाल पेनने लिहा, ज्याच्या तोंडात सापडली त्यानेच मारली असं नाही. आधी कातडीखाली बघा.

ता. क.

व्हिडिओ मिळाला त्याच सकाळी बाबा फोन घेऊन मावशींकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. बाबांनी स्क्रीन पुढे केली, मावशींनी हात पदराला पुसून फोन धरला आणि तीनदा बघितला. "बाऊल हाय हा," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तर पहिल्याच दिशी सांगितलं असतं." बाबा खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं." रिटायरमेंटच्या आधी आणि नंतर, बाबांच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

दूध पुन्हा सुरू झालंय. फक्त आधी मावशी सरळ स्वयंपाकघरात येऊन पातेल्यात ओतायच्या, आता किटली गेटपाशी ठेवून हाक मारतात. आई म्हणते, होईल हळूहळू. बाबा रोज किटली घ्यायला स्वतः जातात आणि मोत्यासाठी खिशात एक बिस्किट नेतात.

मोत्याने मात्र कधीच माफ केलंय. त्याच्या मते मुळात काही झालंच नव्हतं.